नितळ सुपाबरोबर

“सूप कुठलं गं, दारू असायची ती,” ताई म्हणाली आणि पर्समध्ये चष्म्याचं घर शोधत राहिली.

धाकटीच्या हातात वापरलेल्या ग्लासांचा ट्रे होता. असलं काही कानावर पडलं की हातातली वस्तू पडते, असं तिला आजवर वाटत आलं होतं. पण ट्रे पडला नाही. बोटांनी तो काउंटरवर बिनचूक टेकवला, एक ग्लास दुसऱ्याला लागून किणकिणला तो नखानं थांबवला, आणि मग ती बोटं तिथंच राहिली, जणू आता पुढं काय करायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उपाहारगृहाच्या मागचा हा अरुंद बोळ. एका बाजूला स्वयंपाकघराचं झुलतं दार, दुसऱ्या बाजूला कोट टांगायच्या खुंट्या. दाराच्या फटीतून कांदा लोण्यात परतल्याचा वास येत होता आणि हॉलमधून माणसांच्या बोलण्याचा तो सैल, खूश आवाज, जो पहिल्या ग्लासानंतर येतो आणि ज्यावरून तिला कळतं की आजची दुपार जमणार. “काय म्हणालीस?” तिनं विचारलं. “तुझी ती गोष्ट गं. बाबा संध्याकाळी सुपाचा चिनी मातीचा बोल घेऊन बसायचे ती. छान सांगतेस हं. माझ्या शेजारच्या बाई तर डोळे पुसत होत्या. मी मनात म्हटलं, पोरीनं बरं रंगवलंय.” चष्म्याचं घर सापडलं. ताईनं चष्मा काढून त्यात ठेवला, घर टचकन मिटलं, आणि मगच तिनं वर पाहिलं. ताईचा चेहरा उतरताना धाकटीनं पाहिला. आधी तोंड, मग गाल, मग डोळे. “अगं,” ताई म्हणाली. “तुला माहीत होतं ना?”

चाळिशीला आलेल्या बाईला धाकटी म्हणणं तसं हास्यास्पद, पण घरात ती अजून धाकटीच होती, आणि ताईसमोर उभी राहिली की तिला स्वतःलाही आपण कुणाच्या तरी कमरेइतक्या उंच आहोत असं वाटे. दोघींत नऊ वर्षांचं अंतर. ताई दातांची डॉक्टर. जे असेल ते सरळ सांगायची आणि सांगता सांगता दाढ उपटून मोकळी व्हायची, असं तिचे पेशंट कौतुकानं म्हणत. धाकटी इथं वाइन निवडायची. कुठली बाटली आणायची, कुठल्या पदार्थाबरोबर द्यायची, हे तिचं काम. आणि महिन्यातून एका शनिवारी दुपारी हौशी मंडळींना बसवून चव घ्यायला शिकवायची. या वेळी तिनं सूप घेतलं होतं. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला होता. “पातळाबरोबर पातळ? अहो, माणसं चावणार काय?” पण धाकटीला नेमकं तेच हवं होतं. सुपाशी वाइन जमवणं ही या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. दोन्ही ओली. दोन्ही जिभेवरून सरळ घरंगळत जातात, मध्ये चावायला काही नाही, थांबायला काही नाही. हलकी वाइन गरम सुपात अशी बुडते की ती आपण प्यालो होतो की नाही याचीच शंका येते. त्याला उपाय एकच. पहिलं नितळ सूप, म्हणजे हाडांचा गाळून गाळून आरशासारखा केलेला रस्सा, आणि त्याच्याबरोबर लहान ग्लासात कोरडी, म्हणजे गोड नसलेली, शेरी वाइन. सुक्या मेव्याचा, जुन्या लाकडाचा वास असलेली, अंगानं जड. ती बुडत नाही. ती सुपाच्या शेजारी उभी राहते.

आणि इथं पोचलं की ती गोष्ट सांगायची. आजही सांगितली होती. “मी लहान असताना माझे वडील रोज संध्याकाळी घरी आले की खिडकीजवळ बसून एक बोल सूप घ्यायचे. दुसऱ्या कुणाला नाही, फक्त त्यांना. तपकिरी, नितळ सूप. चमच्यानं हळूहळू. प्रत्येक चमच्यावर फुंकर घालून. मी त्यांच्या मांडीवर बसायची आणि तो वास माझ्या केसांत जायचा. पुढं वडील गेले. मी फार लहान होते, त्यांचा चेहराही मला नीटसा आठवत नाही. मग मोठी झाल्यावर कुणीतरी माझ्या हातात शेरीचा ग्लास दिला, मी नाकाशी नेला, आणि माझे वडील खोलीत आले.” इथं ती थोडी थांबायची. ते थांबणं ठरवलेलं नव्हतं, निदान सुरुवातीला तरी. “तेव्हा मला कळलं की नितळ सूप आणि ही वाइन एकमेकांसाठीच आहेत. मला कुणी शिकवलं नाही. माझ्या नाकाला ते आधीच माहीत होतं.” मग सगळे ग्लास उचलायचे.

“मला वाटलं, आईनं कधीतरी सांगितलं असेल,” ताई म्हणत होती. “तू हे काम धरलंस तेव्हा तरी.” दार झुललं आणि शेफनं डोकं बाहेर काढलं. “मॅडम, मशरूम तयार आहे. वाढू?” “वाढा,” तिनं सांगितलं. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा आला, आणि या गोष्टीची तिला ट्रे न पडल्यापेक्षाही जास्त भीती वाटली. ताईनं तिचं मनगट धरलं. नाडी बघावी तसं. “मी थांबते.” “नको. तुझा पेशंट येऊन बसला असेल.” “बसू दे. दाढ कुठं पळून जाते.” “ताई, जा तू.” ताईनं खुंटीवरचा कोट काढून घेतला, एक बाही घातली, दुसरी तशीच लोंबत राहिली. “क्लिनिक आटपलं की सरळ आईकडे येते. तोवर तिला काही विचारू नकोस. मी असताना विचार.” मग ती गेली आणि बोळात तिच्या क्लिनिकचा, लवंगेच्या तेलाचा वास मागं राहिला. धाकटीच्या नाकानं तो टिपला, ओळखला, जागेवर ठेवून दिला. नाक आपलं काम करत होतं.

मशरूमच्या सुपाबरोबर हलकी लाल वाइन. ओल्या मातीला ओली माती भेटते, असं ती सांगत होती, आणि समोरची माणसं चमचे उचलत होती, आणि तिचं तोंड तिला सोडून एकटंच बोलत होतं. सायीचं सूप असेल तर वाइनमध्ये आंबटपणा हवा, नाहीतर जिभेवर पांघरूण पडतं. टोमॅटोशी भांडण टाळायचं असेल तर टोमॅटोइतकीच आंबट वाइन घ्या. आणि तापमान, हे मात्र लक्षात ठेवा. गरम सूप जीभ बधिर करतं, वाफ नाकात शिरते, वाइनचा वास त्या वाफेत हरवतो. म्हणून सूप कोमट होऊ द्या, वाफ बसू द्या. ‘वाफ’ हा शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडला आणि ती थांबली. हॉलमधल्या टेबलांवरून वाफेच्या बारीक दोऱ्या वर चढत होत्या, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या जाड चष्म्यावर धुकं धरलं होतं आणि ते दोन्ही हातांनी चष्मा पुसत होते. बाबांच्या बोलमधून वाफ येत नव्हती. कधीच नव्हती. खिडकी तिला आठवत होती, बाहेरचा उतरता उजेड, बोलच्या कडेवरची निळी रेघ, चमचा, चमच्यावर झुकलेली हनुवटी, आणि ती फुंकर. फुंकर तिच्या कपाळावरच्या केसांना लागायची म्हणून तर तिला आठवत होती. वाफ नाही. इतक्या वर्षांत ती शेकडो माणसांना वाफेबद्दल बोलली, सुपाच्या आणि वाइनच्या तापमानाबद्दल एखाद्या कारकुनासारखी काटेकोर राहिली, आणि ज्या एका बोलवर तिनं सगळं उभारलं तो गार होता. गार पदार्थावर फुंकर का मारतात? मांडीवर कुणी बसलेलं असेल तर मारतात. ते सूप आहे असं तिला वाटावं म्हणून मारतात.

“तुमचे वडील कशानं गेले हो?” जाड चष्म्याच्या गृहस्थांनी विचारलं. त्यांच्या आवाजात निखळ आपुलकी होती. शेरी दुसऱ्यांदा भरून मागितल्याची लाज त्यांना झाकायची असावी, असंही तिला वाटलं. “हृदयविकारानं,” ती म्हणाली. हे उत्तर ती शाळेपासून देत आली होती. शाळेच्या दाखल्यावर, प्रेमात पडलेल्या मुलांना, विम्याच्या माणसाला. बाबा दुसऱ्या गावी नोकरीला गेले होते आणि तिथं हृदयविकारानं गेले. आता ते वाक्य उच्चारताना तिला त्याची चव लागली. शिळी, पत्र्याच्या डब्यातली. “आपापल्या आयांच्या हातच्या चवी आपण सांगतो,” गृहस्थ शेजाऱ्यांकडे वळून म्हणाले, “पण बापाचा वास सांगणारी मी ही पहिली पाहिली.” सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकटीनं समोरचा ग्लास उचलला, तोंडात घोट घेतला, गालांतून फिरवला, आणि चव घेणाऱ्यांच्या नेहमीच्या सवयीनं, न गिळता, बाजूच्या थुंकपात्राकडे वाकली. वाकली आणि तशीच राहिली. वाइन जिभेखाली गरम होत गेली. थुंकावी की गिळावी हेच तिला ठरवता येईना. अखेर तिनं थुंकली आणि ओठ टिपले. दुपार जमली. निघताना लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मालकीणबाई कानात म्हणाल्या, “तुमच्या वडिलांनी आपला गल्ला भरला बघा.”

बसमध्ये ती उभी राहिली. जागा होत्या, तरी उभी राहिली. खिडकीत तिचा चेहरा दुकानांवरून सरकत होता. चपला, दिवे, औषधं, पुन्हा चपला. तिच्याकडे बाबांचं फार थोडं होतं. एक फोटो, त्यात त्यांनी डोळे मिटलेले. आणि तो बोल. बाकी मुलांकडे वडिलांचं बरंच काही असतं, मारलेल्या थपडा, शिकवलेली सायकल, घोरणं, वाढदिवसाला आणलेली चुकीच्या मापाची चप्पल. तिच्याकडे एकच वास होता आणि तिनं तो आयुष्यभर पुरवून वापरला. जपून, हळूहळू, चमच्यानं. आता तो वास काढून घेतलेला नव्हता, तो तिथंच होता, तितकाच खरा. फक्त त्याचं नाव बदललं होतं. एखाद्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं जिना चढावा-उतरावा आणि एक दिवस पोलिसांनी येऊन त्याचं खरं नाव सांगावं, तसं. चेहरा तोच. मग आपण कुणाला नमस्कार करत होतो? आणि मग दुसरी शंका आली आणि तिनं वरचा दांडा घट्ट धरला. आईला हे माहीत होतं. आई तिच्या घरी जेवायला यायची. वाइनच्या बाटल्या भिंतीला लावून ठेवलेल्या असायच्या, आई त्या बाटल्यांना पाठ न करता बसायची, धाकटी उत्साहानं सांगायची, हे बघ आई, ही या डोंगरावरची, ही त्या नदीकाठची, आणि आई चष्मा नाकावर सरकवून लेबलं वाचायची. “अक्षर फार बारीक असतं गं यांचं,” म्हणायची. एवढंच. इतकी वर्षं.

आईनं दार उघडलं. ती आयुष्यभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करत आली होती, आणि निवृत्त होऊनही समोरच्याच्या डोळ्यांकडे आधी बघायची, मग चेहऱ्याकडे. “डोळे का लाल?” ती म्हणाली. धाकटीला ताईनं सांगितलेलं आठवत होतं. तिनं चपला काढल्या, आत गेली, टेबलावर मटार सोलायला घेतले होते त्यासमोर बसली आणि विचारलं, “बाबा त्या बोलमधून काय प्यायचे?” आई उभीच होती. तिनं दाराची कडी लावली. मग पुन्हा एकदा लावली, आधीच लागलेली. येऊन बसली आणि एक शेंग उचलली. “तिनं सांगितलं?” “तिला वाटलं मला माहीत आहे.” “हं,” आई म्हणाली. शेंग फोडली, दाणे वाडग्यात पडले. “तिच्या जिभेला हाड नाही. दातांची डॉक्टर झाली, पण स्वतःच्या जिभेचं काही केलं नाही तिनं.” हे ती इतक्या सवयीनं म्हणाली की धाकटीला हसू आलं, आणि हसू तोंडापर्यंत येता येता त्याचं दुसरंच काहीतरी झालं आणि तिनं तोंडावर हात धरला. आईनं वाडगा बाजूला सारला.

“बोलची कल्पना माझी,” आई सांगू लागली. तिचा आवाज काच घासताना असायचा तसा होता, एका लयीत, दाब न वाढवता. “बाटली मला घरात दिसायला नको होती. तुम्हां दोघींना तर नकोच. आणि त्यांना सोडवेना. खूप झालं, शपथा झाल्या, डॉक्टर झाले. मग मी म्हटलं, असं करा, बोलमध्ये घ्या. चमच्यानं घ्या. चमच्यानं घेतलं की वेळ लागतो, आणि बोल संपला की संपला. मी स्वतः ओतून द्यायची. वर कोथिंबिरीची पानं टाकायची. ते हसायचे. म्हणायचे, अगदी हॉटेलात बसल्यासारखं वाटतं. शेजारच्या वहिनी आल्या तरी त्यांच्यासमोर बसून चमच्यानं प्यायचे, त्या म्हणायच्या, भावजींना पथ्याचं आहे वाटतं. मी म्हणायची, हो, पोटाचं.” आईच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला आणि खाली आला. “फुंकर मात्र त्यांची. ती मी सांगितली नव्हती. ती तुझ्यासाठी. तू विचारलंस एकदा, गरम आहे का, म्हणून.” धाकटीनं टेबलाची कड धरली होती. लाकूड थंड आणि किंचित चिकट होतं. तिला वाटत होतं की आपण हे सगळं फार वरून बघतो आहोत, छताच्या कोपऱ्यातून, दोन बायका आणि मध्ये हिरवे दाणे. “आणि ते दुसऱ्या गावी कधी गेले?” तिनं विचारलं. खाली कुणीतरी मोटार सुरू करायचा प्रयत्न करत होतं. इंजिन खोकायचं, थांबायचं, पुन्हा खोकायचं. “गेलेच नाहीत,” आई म्हणाली.

एका संध्याकाळी आई आत भाजी चिरत होती. बाबा पाणी आणायला उठले. ते परत येईपर्यंत धाकटी खुर्चीवर चढून बोल दोन्ही हातांत धरून प्याली. किती प्याली ते कुणालाच कळलं नाही. ती टेबलाखाली झोपलेली सापडली, आणि उठेना. आईनं तिला उचललं तेव्हा मान अशी मागं पडली की आईनं तिचं नाव घेऊन ओरडायला सुरुवात केली, आणि त्याच ओरडण्यात तिला उचलून खालच्या डॉक्टरांकडे धावली. डॉक्टर म्हणाले, श्वास ठीक आहे, झोपू द्या, पण कुणीतरी शेजारी बसा. आई आणि ताई बसल्या. “ते दाराशी उभे होते,” आई म्हणाली. “आत आले नाहीत. मी त्यांना काही बोलले नाही. बोलायला हवं होतं की काय, माहीत नाही. सकाळी तू उठलीस, दूध मागितलंस, आणि ते आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी बॅग भरली. मी त्यांना जा म्हटलं नाही. थांबाही म्हटलं नाही. पलीकडच्या रस्त्यावर, लाँड्रीच्या वर, एक खोली घेतली त्यांनी. हिवाळाभर तिथं राहिले. मग गेले. हृदयच बंद पडलं, ते काही खोटं नाही. सगळ्यांचं शेवटी तेच बंद पडतं.”

“म्हणजे माझ्यामुळे,” धाकटी म्हणाली. तिला तिचा आवाज ऐकू आला नाही, पण आईनं तो ऐकला असावा, कारण तिनं टेबलावरून हात पुढं करून धाकटीच्या मुठीवर ठेवला. काचा घासून घासून तिची बोटं गुळगुळीत झाली होती, त्यांच्यावरच्या रेषा निघून गेल्या होत्या. “हे तू म्हणशील म्हणून तर सांगितलं नाही,” ती म्हणाली. “पाच वर्षांची होतीस. तुला तहान लागली असेल. एवढंच झालं. बाकी जे झालं ते मोठ्या माणसांचं आहे, त्यात तू हात घालू नकोस.” धाकटीला स्वतःच्याच तोंडाची जाणीव होत होती, जीभ, टाळू, दातांमागची ती जागा जिथं कोरडेपणा आधी कळतो. तिनं आजवर हजारो घोट तोंडात घेतले होते आणि प्रत्येकाचं वर्णन केलं होतं. आणि पहिला घोट तिला आठवत नव्हता. तोच आठवत नव्हता. तो मात्र गिळलेला होता. “मग मला हे काम कसं करू दिलंस?” तिनं विचारलं. “एकदा तरी नको म्हणायचं होतंस.” “म्हणणार होते. म्हणायलाच आले होते.” आईनं हात काढून घेतला आणि उगाच दाणे चाळवले. “तुझ्या त्या हॉटेलात. न सांगता. मागच्या टेबलाशी उभी राहिले. तू ग्लास उचललास, वास घेतलास, तोंडात घेतलंस, आणि मग भांड्यात थुंकलंस. सगळं. दुसरा उचललास, तोही थुंकलास. त्यांनी आयुष्यात एक थेंब थुंकला नव्हता गं. मी बघत राहिले. माझा जीव भांड्यात पडला. तशीच परत आले, बसमध्ये बसून रडले, आणि घरी येऊन झोपले.”

बेल वाजली. ताई होती. एक बाही घातलेला कोट तिनं आता नीट घातला होता, पण बटणं एकेक घर चुकून लागली होती. तिनं टेबलाकडे पाहिलं, मटारांकडे, दोघींच्या चेहऱ्यांकडे, आणि तिला सगळं कळलं. “थांबली नाहीस ना,” ती धाकटीला म्हणाली. “तू थांबली होतीस का?” आई म्हणाली. ताई कोट न काढताच बसली. मग आई उठली, तिनं चहा ठेवला, आणि भांड्यातल्या तापणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत तिघी बसून राहिल्या. धाकटीला वाटलं, या खोलीत इतकी वर्षं आपण तिघी अशाच बसत आलो, आणि दोघींना ठाऊक असायचं आणि एकीला नाही, आणि तरी काही वेगळं दिसायचं नाही. राग येईल म्हणून ती वाट बघत होती. राग आला नाही. फक्त ते सुन्नपण, डोक्यावर घट्ट बसलेल्या टोपीसारखं, आणि त्याखाली कुठंतरी एक विलक्षण भूक, की अजून सांगा. “ते तिथं काय खायचे?” तिनं एकदम विचारलं. “त्या लाँड्रीवरच्या खोलीत. कोण करायचं त्यांना?”

ताईनं आईकडे पाहिलं. आई उठून गॅसकडे तोंड करून उभी राहिली होती. “मी सूप पाठवायची,” ती म्हणाली. “खरं. भाज्या घालून केलेलं, गरम. झाकणाच्या डब्यातून. ही शाळेतून आली की घेऊन जायची. मी कधी गेले नाही.” “रोज?” “रोज.” चहाचं पाणी उकळायला लागलं, तरी आईनं गॅस कमी केला नाही. तिची पाठ दिसत होती, आणि मानेवरचे पांढरे बारीक केस. “मी हिला कधी विचारलं नाही,” ती म्हणाली. “ओतून टाकत असतील, असंच धरून चालले. त्यांना सुपाची गरजच काय होती. पण पाठवत राहिले.” ताईनं चुकलेल्या बटणांशी चाळा सुरू केला होता, तो थांबवला. “ओतून नाही टाकायचे,” ती म्हणाली. ताई एरवी बोलायची तशी ती बोलली नाही. तिला शब्द शोधावे लागत होते, आणि ताईला शब्द शोधताना धाकटीनं कधी पाहिलं नव्हतं. “माझ्यासमोर बसून प्यायचे. सगळं. दुसरं काही खाल्लेलं नसायचं त्यांनी, ते दिसायचंच. गरम असायचं ना, तर फुंकर मारायचे नाहीत. भाजायचं तोंड, तरी नाही. मी म्हणायची, बाबा, थांबा जरा. तर म्हणायचे, गरमच असू दे. मग खाली नळावर जाऊन डबा धुवायचे, हात गारठून जायचे, पण स्वतःच धुवायचे. शर्टाला पुसून माझ्या हातात द्यायचे.”

आईनं गॅस बंद केला. ती वळली, आणि धाकटीनं पाहिलं की दुपारपासून जे आपल्या चेहऱ्यावर असावं ते आता आईच्या चेहऱ्यावर आलं आहे. तेच, तितकंच, म्हाताऱ्या चेहऱ्यावर आणखी उघडं.

“मला वाटायचं, डबा तू धुतेस,” आई म्हणाली.

ताईनं मान हलवली. आई खुर्चीची पाठ धरून उभी राहिली, आणि मग बसायचं असतं हे आठवल्यासारखी हळूच बसली. धाकटी उठली. तिनं कप काढले, चहा गाळला, एक कप आईसमोर ठेवला. आईनं तो दोन्ही हातांत धरला आणि प्याली नाही. “कुठल्या बाजूची खोली होती?” धाकटीनं ताईला विचारलं, आणि ताई सांगू लागली.